घरचा वाटा

७ सप्टेंबर

चि. पाचरीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. फोनवर आपण दोघंही कुचकामी. तू विचारतेस बरे आहात ना, मी म्हणतो बरा आहे, मग दुसरा काही बोलेल म्हणून दोघंही थांबतो आणि तेवढ्यात ठेवायची वेळ होते. त्यापेक्षा पत्र बरं. गप्प बसलं तर कागद कोरा दिसतो, म्हणून तरी माणूस चार ओळी खरडतो.

इथे सगळं ठीक. तू गेल्यावर तुझं टेबल मी माझ्या खोलीत आणलं. ते तिथे मावेना, म्हणून परत होतं तिथे नेऊन ठेवलं. एक रविवार त्यात गेला. काम नेहमीचंच. परवा मोठ्या दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक वयस्कर डॉक्टर एकटेच होते. मी वरून मोटर बघत होतो आणि त्यांचा जीव घाबरा होऊ नये म्हणून बोलत होतो. अर्ध्या तासात त्यांना तुझे गणिताचे मार्क, तुझं कॉलेज, तू पाचवीत असताना मुख्याध्यापिकांची चूक काढलीस ती गोष्ट, सगळं कळलं. बाहेर आल्यावर म्हणाले की लिफ्ट बहुधा केव्हाच नीट झाली होती, तुमच्या मुलीचं कौतुकच संपायचं राहिलं होतं. मी हसलो. अडकलेल्या माणसाशिवाय माझं एवढं ऐकून घेणार कोण?

आता मुद्द्याचं. कॉलेजने आपल्याला भरपूर मदत दिली हे मी विसरलेलो नाही. पण घरचा वाटा म्हणून जो आकडा त्यांनी काढलाय, तो भरताना माझी दमछाक होते. शनिवारची खासगी कामं मी त्यासाठीच धरलीत. तेव्हा मी रविवारी वाचनालयात जाऊन बसायला लागलोय. तिथल्या बाईंनी मला बाहेरच्या शिष्यवृत्त्यांची एक जाडजूड यादी काढून दिली. केवढ्या शिष्यवृत्त्या आहेत जगात. फार उंच मुलांसाठी एक आहे, मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मुलांसाठी एक आहे. तू उंचही नाहीस आणि आपल्याकडे मधमाश्याही नाहीत. पण आमच्या लिफ्ट कारागिरांच्या संघटनेचीही एक निघाली, आणि मी वीस वर्षं वर्गणी भरतोय. अर्ज सोबत आहे. निबंध लागेल, विषय ‘माझ्या घरातला कारागीर’. माझ्याबद्दल फार खरं लिहू नकोस.

जेवणाची आबाळ करू नये. तुझ्या पत्राची वाट बघणं हा आता माझा जोडधंदा आहे, तो बुडू देऊ नये.

तुझा,
बाबा


२६ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज आणि निबंध दोन्ही पाठवले. तुम्ही जिना चढताना पायऱ्या मोजता, हे त्यात लिहिलंय. रागावू नका.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, दोघींची. पण दुसरीला तिच्या शाळेतली मैत्रीण सापडली आणि ती तिच्याकडे राहायला गेली. तिची गादी नुसतीच गुंडाळून ठेवलेली आहे. मला दोन कपाटं, दोन खुर्च्या आणि दोन दिवे मिळाले. राजेशाही थाट आहे म्हणा ना.

कॉलेजच्या मदतीत आठवड्याला दहा तास कामाची अट होती ना, ते काम मला ग्रंथालयाच्या तळघरात मिळालं. फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची खोली. तिथे एक बाई आहेत, तीस वर्षं बांधणीच करतात. हाताला कायम खळ लागलेली, म्हणून सगळे त्यांना खळकाकू म्हणतात. पहिले दोन दिवस त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने कागद दुमडताना त्यांनी बघितलं आणि माझी खुर्ची मुकाट्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली, उजेड पडावा म्हणून. आता थोडंथोडं बोलतात. पुस्तक कोणी फाडलं हे त्या नुसतं पान बघून सांगतात. घाई, राग की लहान मूल, असे तीनच प्रकार असतात म्हणे. चार वाजता त्या दोन पेले चहा करतात आणि एक न विचारता माझ्यापुढे सरकवतात.

अभ्यास जड आहे, पण झेपतोय. तुम्ही शनिवारी कामं कमी घ्या.

माया आहेच, ती पत्राने कळवत राहावी.

तुमची,
पाचर


१४ नोव्हेंबर

चि. पाचरीस,
अनेक आशीर्वाद.

संघटनेच्या सेक्रेटरींचा स्वतः फोन आला. साठ अर्जांत तुझा निबंध पहिला. पायऱ्यांचं वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले की तेही मोजतात. मी सगळ्यांना सांगितलं. खालच्या दुकानदाराने माझ्याकडून दुसऱ्यांदा ऐकलं आणि दुसऱ्यांदाही आनंद दाखवला, सज्जन माणूस आहे.

पैसे ते थेट कॉलेजला पाठवणार आहेत. म्हणजे आता तुला तळघरात बसून खळ चिवडायची गरज नाही. तो वेळ अभ्यासाला दे, नाहीतर मैत्रिणींबरोबर हिंड. आणि पुढच्या सहामाहीला घरचा वाटा कमी झाला की मी एक शनिवार-रविवार धरून तुला भेटायला येणार आहे. तिकिटाची चौकशी करून ठेवलीय.

वाचनालयातल्या बाईंनाही फार आनंद झाला. त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवायला सुरुवात केलीय. मी आता महिन्यांप्रमाणे वही केलीय, कुठल्या अर्जाची मुदत केव्हा संपते त्याची. रविवार कसा जातो कळत नाही. पूर्वी तो फार हळू जायचा. सोबत डावखुऱ्यांच्या मंडळाचा अर्ज आहे. बघ, तुझ्या डाव्या हाताची सवय मोडावी म्हणून आजीने जंग जंग पछाडलं होतं, आता तोच कामाला आला.

तब्येत सांभाळावी, आणि या म्हाताऱ्याच्या उत्साहाला हसू नये.

तुझा,
बाबा


२९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला आहे. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

शिष्यवृत्ती मिळाली हे तुला कळलंच असेल. या सोमवारी मला आर्थिक मदतीच्या कचेरीत बोलावलं. तिथले अधिकारी चांगले आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली, कागद पुढे ओढला आणि समजावलं. शिक्षणाचा सगळा खर्च शंभर धर. त्यात घरचा वाटा वीस, बाबांच्या पगारावरून ठरलेला. उरलेले ऐंशी ही माझी गरज. ती कॉलेज भागवतं, सत्तर अनुदान आणि दहा माझं काम. नियम असा, की बाहेरून काहीही आलं तरी मदत गरजेपेक्षा वर जाता कामा नये. मग बाहेरून दहा आले की आतले दहा काढायचे. आधी काम काढतात, मग अनुदान. घरच्या वाट्याला हात लावत नाहीत. तो वीसचा वीस.

मी विचारलं की मग ही शिष्यवृत्ती नक्की कोणाला मिळाली. ते थोडे ओशाळले. म्हणाले, तुझे दहा तास तर मोकळे झाले. त्यांना वाटलं ते मला आनंदाची बातमी देतायत.

आत्या, मला ते दहा तासच हवे होते. ग्रंथालयाच्या तळघरातल्या खळकाकू, दिवसभरात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. वर्गात सगळे आधीपासून एकमेकांना ओळखतात. तू मला पाचर म्हणतेस ना, दोघं बोलत असली की मध्ये घुसणारी. इथे मला घुसायला फटच सापडत नाही. मी खळकाकूंना म्हटलं की बिनपगारी येते. त्या म्हणाल्या की कापायचं यंत्र आहे, नेमणूक नसलेल्या माणसाला आत बसू देत नाहीत. माझ्या खुर्चीवर आता दुसरा विद्यार्थी बसतो. उजव्या हाताचा आहे, म्हणून त्यांनी खुर्ची परत फिरवली.

बाबांना कसं सांगू? त्यांचा वाटा कमी होणार नाही, ते येऊ शकणार नाहीत, हे तर आहेच. पण ते दर रविवारी वाचनालयात जातात, बाई त्यांची जागा धरतात, त्यांनी वही केलीय. मी सांगितलं तर रविवारी ते कुठे जातील?

डावखुऱ्यांचा अर्जही मी भरून टाकला. नाही भरला तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

तुझी,
पाचर


१० डिसेंबर

चि. पाचरीस,
आत्याचे आशीर्वाद आणि एक हलकी टपली.

तुझं पत्र दुकानात, शिवणाच्या मशीनवर बसूनच वाचलं. एका गिऱ्हाइकाची पॅन्ट तेवढ्यात दोन बोटं जास्त आखूड झाली, ती तुझ्या नावावर.

नियम मला चांगला समजला. वरून ठिगळ लावलंस तर आतलं अस्तर काढून घेणार, कोट तेवढाच राहणार. ठीक. पण नियम माणसांनी केलेला असतो, पगारावरची माणसं तो चालवतात, आणि माणसाला परत विचारता येतं. तू विचारलंस का, की हेच पैसे पुढच्या वर्षी घेतले तर चालतील? मदतीच्या हिशेबात जे धरलेलंच नाही, औषधपाणी म्हण, संगणक म्हण, त्याला वापरले तर? संघटनेला विचारलंस? तू नाही विचारणार. गणितं सोडवशील, पण माणसाला एक प्रश्न विचारायचा तर तू दारातूनच परत फिरतेस. बापावर गेलीस.

आता दादाचं. मी त्याला सांगणार नाही, कारण तू म्हणतेस. पण हे बरोबर नाही. तुझी आई गेली तेव्हा त्याने मला दीड महिना कळू दिलं नाही की तो रोज घरी न जाता गाडीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येतो. त्याला वाटायचं मला काळजी नको. मला कळलं तेव्हा काळजी वाटली नाही, राग आला. तुम्ही दोघं एकमेकांना जपता जपता एकेकटे बसता. दोन खोल्यांत दोन शहाणी माणसं.

सुट्टीत घरी जा. तिकीट मी काढते. नाही म्हणालीस तर पुढचा स्वेटर फक्त एका बाहीचा.

आत्या


२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुट्टीत घरी आले नाही म्हणून रागावू नका. आत्याने तिकीट काढून देते म्हटलं होतं, पण तिचं दुकान मंदीत आहे हे मला माहीत आहे. शिवाय परीक्षेनंतर एक मोठा प्रकल्प आहे, इथे राहूनच नीट होतो.

वसतिगृहात सध्या शांतता आहे, वाचन छान होतं. जेवणघर बंद असलं तरी कोपऱ्यावरचं दुकान उघडं असतं. तळघरात एक जुना नकाशासंग्रह आलाय, त्याच्या घड्यांवर पातळ कागद चिकटवायचा. खळकाकू म्हणतात की तुझ्या बोटांना आता कळायला लागलंय. काम सोडू नये असं मला वाटलं, म्हणून थोडे तास ठेवलेत.

मैत्रिणी आहेत. एकीला पोहता येतं, ती मला शिकवणार आहे.

तुम्ही मफलर वापरता ना?

तुमची,
पाचर


२५ जानेवारी

चि. पाचरीस,
अनेक आशीर्वाद.

डावखुऱ्यांनीही तुलाच निवडलं. रक्कम पहिलीच्या निम्मी, पण मानपत्र आहे, आणि त्यावरची सही उलटी झुकलेली आहे. मी ते चौकटीत बसवून घेणार आहे.

एक घोटाळा मात्र झालाय. दुसऱ्या सहामाहीचं बिल आलं. घरचा वाटा पहिल्यासारखाच, एका पैशाचाही फरक नाही. दोन शिष्यवृत्त्या आल्या आणि आकडा जागचा हलला नाही, म्हणजे नक्कीच कारकुनाच्या हातून नोंद राहिली. होतं असं. मी शुक्रवारी कंपनीतून त्यांच्या कचेरीला फोन करणार आहे. भांडणार नाही, काळजी करू नकोस. मी फक्त विचारीन. तुझ्या हाताशी संघटनेचं पत्र असेल तर त्याचा क्रमांक कळव.

मी रजेचा अर्ज टाकलाय, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. वाचनालयातल्या बाईंनी तुझ्या गावाचा नकाशा दाखवला. स्टेशनापासून तुझं वसतिगृह चालत पंचवीस मिनिटं दिसतं.

तुझा,
बाबा


२९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करू नका. केला असलात तर त्यांनी सांगितलेलं खरं आहे. चूक झालेली नाही.

नियमच तसा आहे. घरचा वाटा तुमच्या पगारावरून ठरतो आणि तिथेच राहतो. बाहेरून जेवढे येतात, तेवढे कॉलेज आपल्या मदतीतून कमी करतं. लिफ्टवाल्यांचे आले तेव्हा माझं काम काढलं. डावखुऱ्यांचे आले तेव्हा अनुदान तेवढंच कापलं. तुम्ही आणखी दहा मिळवल्यात तरी तुमचा वाटा तोच राहील. मला हे नोव्हेंबरपासून माहीत होतं.

आणि एवढं सांगितलं तर सगळंच सांगते. मी तळघरात नोव्हेंबरपासून गेलेली नाही. मागच्या पत्रातलं खळकाकूंचं मी रचून लिहिलं. पोहणारी मैत्रीण नाही. सुट्टीत आमच्या मजल्यावर मी एकटी होते, रखवालदाराने दोन दिवे सोडून बाकीचे बंद केले होते. एकदा मी चार दिवस कोणाशी बोलले नव्हते, मग दुकानातल्या बाईंनी सुटे पैसे आहेत का असं विचारलं तेव्हा माझा आवाज घोगरा निघाला. मला घरी यायचं होतं. पण तिकिटाचे पैसे आत्याकडून घ्यायचे, ते तुम्ही तिला फेडणार, आणि त्यासाठी आणखी एक शनिवार जाणार, असं सगळं मला दिसत होतं.

तुम्हाला का नाही सांगितलं, तर तुमचा रविवार जाईल म्हणून. तुमच्या प्रत्येक पत्रात वाचनालय असतं, बाई असतात, वही असते. मला वाटलं, पैसे नाही तर नाही, निदान तेवढं तरी राहू दे.

माझं चुकलं. मार्चमध्ये येऊ नका म्हणत नाही, पण वाटा कमी होणार नाहीये हे समजूनच ठरवा.

तुमची,
पाचर


२६ फेब्रुवारी

चि. पाचरीस,
आत्याचे आशीर्वाद.

दादाचं पत्र आलं नाही म्हणून तू तीनदा फोन केलास, त्याने तीनदा बरा आहे म्हटलं आणि ठेवला, हे मला कळलं. म्हणून रविवारी गाडी धरून त्याच्याकडे गेले.

तो घरीच होता. वाचनालयात तीन रविवार गेला नव्हता. तुझं पत्र त्याने मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना भिंतीकडे बघत बसला. मी म्हटलं रागावलायस का. मग म्हणाला, पैशाचं जाऊ दे, तीन महिने पोरगी एकटी बसली होती आणि मी तिला अर्ज पाठवत होतो. तिला बोलायला माणूस होतं, ते माझ्या हाताने गेलं. एवढंच बोलला, आणि उठून भांडी घासायला लागला. घासलेलीच भांडी होती.

मग मी त्याला नाही नाही ते बोलले. ते इथे लिहीत नाही, कागद फाटेल. शेवटी मी तोच प्रश्न त्याच्यापुढे टाकला, जो तुझ्यापुढे टाकला होता. विचारलंस का कोणाला? तो म्हणाला, विचारायला कोणाला जायचं. मी म्हटलं, तुझ्या त्या सेक्रेटरीला जा, पायऱ्या मोजणाऱ्याला. सोमवारी सकाळी त्याने दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि गेला.

पुढचं त्याच्याकडूनच ऐक. मी सांगितलं तर तो म्हणेल आत्याने तिखटमीठ लावलं, आणि ते खरं असेल.

आत्या


२० मार्च

चि. पाचरीस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हा नियम माहीतच नव्हता. अकरा वर्षं ते मुलांना पैसे पाठवतायत आणि मुलांची पत्रं येतात की फार उपयोग झाला. ते खिन्न झाले. म्हणाले, इतकी चांगली पोरं, एकानेही खरं लिहिलं नाही. मी म्हटलं माझीनेही नव्हतं लिहिलं.

त्यांनी कार्यकारिणी बोलावली आणि ठरवलं की तुझी रक्कम कॉलेजकडून परत मागवायची आणि संघटनेकडेच ठेवायची. तुझं शिक्षण संपलं की पुढच्या खर्चाला तुला मिळेल, तेव्हा कॉलेजच्या मदतीशी तिचा संबंध उरणार नाही. मग मी तुझ्या कचेरीला फोन केला. तेच अधिकारी होते, खरंच सभ्य आहेत. मी म्हटलं, बाहेरचे दहा गेले तर तिचं काम परत द्याल का. ते म्हणाले, देता येईल, पण अशी विनंती करणारे वडील आम्ही पहिल्यांदाच बघतोय, बाकीचे मुलांचं काम सुटावं म्हणून भांडतात. मी म्हटलं, साहेब, तिला मजुरी नकोय, तिला खुर्ची हवीय. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले की एक एप्रिलपासून आठवड्याला सहा तास मिळतील, दहा नाहीत, कारण दुसऱ्या मुलाचे तास काढून घेता येणार नाहीत. मला ते पटलं. त्या मुलालाही कोणीतरी बोलायला लागत असेल.

डावखुऱ्यांच्या मंडळाने नियमावर बोट ठेवलं. ते पैसे गेले, कॉलेजची तेवढी बचत झाली, दुसऱ्या कोणाच्या कामी येवोत. मानपत्र मी चौकटीत लावलंय, त्याचा काही दोष नाही.

घरचा वाटा आहे तोच आहे. अधिकारी म्हणाले, पुढच्या वर्षी कदाचित वाढेल, कारण शनिवारच्या कामांमुळे माझी मिळकत जास्त दिसणार. म्हणजे वाटा भरायला जादा काम करायचं, आणि जादा काम केलं म्हणून वाटा वाढणार. मी हसलो तर त्यांना वाटलं मला समजलं नाही. तेव्हा शनिवार मी निम्मे केलेत. रजा मात्र रद्द करावी लागली, आत्ताच पैसे जमत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

तुझा,
बाबा


३ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी काल तळघरात गेले. खळकाकूंनी वर बघितलं आणि म्हणाल्या की चार महिन्यांची पुस्तकं साचलीत. खुर्ची एकच आहे, म्हणून त्या मुलाच्या आणि माझ्या वेळा वेगळ्या आहेत. जाताना तो माझ्यासाठी दार धरून उभा राहिला आणि कुठल्या वर्षाला आहेस म्हणून विचारलं. मी सांगितलं. एवढंच.

बाकीचे दिवस पूर्वीसारखेच आहेत. आठवड्यात सहा तास आणि उरलेले सगळे, असा आठवडा आहे. पण आता मी ते तुम्हाला तसंच लिहीन.

तुम्हाला एक मागायचं आहे. आता अर्ज पाठवू नका. नुसतं पत्र पाठवा. त्यात कामाचं काही नसलं तरी चालेल. तुम्ही मला नेहमी काहीतरी सोबत जोडून लिहिता, आणि तुमच्याबद्दल त्यात काहीच नसतं.

माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं.

तुमची,
पाचर


१७ एप्रिल

चि. पाचरीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून सोबत काही नाही. पाकीट इतकं हलकं झालं की पोस्टातल्या माणसाने ते हलवून बघितलं.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. कामाचं नसलं की मला लिहिता येत नाही, तुझी आई म्हणायची की तुम्ही बोलता तेव्हा हातात पाना असावा लागतो. तर आता पान्याशिवाय लिहितो.

रविवारी वाचनालयात गेलो. बाईंनी विचारलं, आज कुठली यादी काढू. मी म्हटलं यादी नको. त्यांना वाटलं तू शिक्षण सोडलंस की काय. मी त्यांना नियम समजावून सांगितला, शंभरातले वीस, ऐंशी, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मग आता तुम्ही यायचे बंद होणार. मी म्हटलं माहीत नाही. खिडकीजवळ तासभर बसलो, पेपर उघडला, एक ओळ वाचली नाही, आणि घरी आलो.

घरी आल्यावर कुलूप उघडून मी आत हाक मारली. रोज मारतो. तू असताना मारायचो, ती सवय गेली नाही. उत्तर येत नाही हे ठाऊक असतं, तरी दोन क्षण दारातच थांबतो. मग चपला काढतो. तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस की घर कसं आहे, तेव्हा मी सगळं ठीक म्हणून लिहिलं. ठीक नाही. घर फार मोठं झालंय. मी संध्याकाळी एकाच खोलीत बसतो आणि दुसरीत उगाच दिवा लावून ठेवतो. मी एकटा पडलोय, पाचरी. एवढं वाक्य लिहायला मला आठ महिने लागले, आणि तेवढ्यात आपण दोन शिष्यवृत्त्या मिळवल्या आणि घालवल्या.

आता हे वाचून रडू नकोस आणि तिकीटही काढू नकोस. जूनमध्ये तू येतेच आहेस. मी फक्त तू मागितलंस ते देतोय. पुढच्या रविवारी मी हाक मारीन तेव्हा किती वाजले ते घड्याळात बघून तुला लिहीन. त्या वेळी तू तिथे तुझ्या खोलीत काय करत होतीस, ते तू मला लिही.

तुझा,
बाबा